शेवटच्या ओळीतली छत्री

अंगभर कपडे घातलेलं गिऱ्हाईक मला ओळखू येत नाही. दोष माझा नाही, उन्हाच्या छत्र्या ओळीने लावून भाड्याने द्यायचा आमचा धंदाच तसा आहे. आमच्या किनाऱ्यावर माणसं येतात ती पोहण्याच्या कपड्यांत, आणि मी त्यांना ओळखते ती खांद्यांवरून, चालीवरून, फार तर पोटांवरून. हिवाळ्यात जवळच्या चेसेना शहरातल्या बाजारात एखादी कोटातली बाई "काय गं लुचिल्ला" म्हणत गळ्यात पडली, की मी तोंडभर हसते आणि मनातल्या मनात तिचा कोट उतरवून बघते. मग कुठे आठवतं, अरे, ही तर चौथ्या ओळीतली.

तर जानेवारीतली सकाळ होती. किनारा बंद. धुकं इतकं की समुद्र नुसता ऐकू यायचा. मी कपडे बदलायच्या केबिनच्या दारांना निळा रंग देत होते, आणि त्या धुक्यातून एक लांब कोट चालत आला. कोटावर लोकरी टोपी, टोपीखाली चष्मा, चष्म्याखाली दाढी आणि दाढीवर मफलर. बाकी माणूस असा दिसतच नव्हता.

"छत्री हवी होती," मफलरमधून घोगरा आवाज आला. "ऑगस्टसाठी."

हिवाळ्यात किनारा बघायला येतात ते नवखे. त्यांना आमच्याकडच्या रीतीभाती ठाऊक नसतात, आणि मग ऑगस्टमध्ये भांडणं होतात. म्हणून मी ब्रश हातात तसाच धरून त्याला सगळं समजावून सांगितलं. नवीन माणूस मागे बसतो. पुढचं कुणी वारलं, किंवा सुट्टीला समुद्र सोडून डोंगरात जायला लागलं, तर मागचे एकेक ओळ पुढे सरकतात. पहिल्या ओळीचं तर नावच काढायचं नाही, तिथे आजोबांच्या वेळेपासूनची घरं बसली आहेत. शेजाऱ्याच्या सावलीत आपला टॉवेल टाकायचा नाही. जेवल्यावर चार वाजेपर्यंत आया आपापल्या पोरांना पाण्यात पाय घालू देत नाहीत, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्याला नमस्कार केला नाही, तर तो पुढची दहा वर्षं आपल्याशी बोलणार नाही. माझं भाषण तो मान खाली घालून, शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकत होता.

"मला शेवटचीच ओळ हवी आहे," तो म्हणाला. "तुमच्या काउंटरच्या अगदी समोरची छत्री."

ती छत्री कुणी फुकटसुद्धा घेत नाही. कॉफीच्या यंत्राची घरघर, शॉवरचे शिंतोडे, आणि समुद्र तर दिसतच नाही. मी प्रामाणिकपणे तसं सांगितलं.

"चालेल. मला समुद्र बघायचा नाहीये."

असतात अशीही माणसं, म्हटलं. मी नाव विचारलं. त्याने मफलर खाली ओढला. जरा दुखावल्यासारखा दिसला.

"लुचिल्ला... मी रुज्जेरो. बेर्तोलानींचा."

माझ्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात बुडाला, दांड्यासकट.

बेर्तोलानी म्हणजे पार्माचे, पहिली ओळ, डावीकडून चौथी छत्री. आणि रुज्जेरो म्हणजे... काय सांगू? गुरांचा डॉक्टर. लहानपणापासून दर ऑगस्टला बघितलेला, पण कधी दोन वाक्यांपुढे न बोललेला. गेल्या वर्षी सीझन संपता संपता मोठं वादळ आलं. सगळी माणसं चपला हातात घेऊन पळाली, आणि हा एकटा माझ्याबरोबर थांबला. समुद्रावरून आडवा पाऊस येत होता, आणि आम्ही दोघं ओळीमागून ओळ छत्र्या मिटत होतो. एका छत्रीच्या बिजागरीत त्याचं बोट चेंगरलं. मी केसांची फीत सोडून त्याच्या बोटाला बांधली. तो माझ्या ओल्या केसांकडे बघत म्हणाला, "दुखत नाहीये." दुखत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. जाताना म्हणाला, "जानेवारीत बोलू." तसं तर सगळीच गिऱ्हाइकं म्हणतात, जानेवारीत फोनवरून छत्र्यांची बोलणी होतात म्हणून. पण म्हणताना सगळे लाल होत नाहीत.

तेव्हापासून मी ज्याची वाट बघत होते, तो समोर उभा होता आणि मी त्याला शेजाऱ्याला नमस्कार करायला शिकवत होते.

पण लाज वाटायलाही मला फार वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात त्याने काय मागितलं होतं ते डोक्यात शिरलं. वेगळी छत्री. आमच्याकडे मुलगा कितीही मोठा होवो, गुरांचा डॉक्टर होवो नाहीतर मंत्री, बसतो आईच्या छत्रीखालीच. वेगळी छत्री तो घेतो एकाच कारणासाठी. आणि ते कारण दोन पायांवर चालत, सुंदरशी टोपी घालून त्याच्याबरोबर येतं.

"खाटा किती ठेवू?" मी विचारलं. कापडी खाटा असतात आमच्याकडे, एका छत्रीखाली एक किंवा दोन.

"दोन." तो कानांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुझी हरकत नसेल तर."

"माझी कशाला हरकत असेल?"

तो एकदम हसला. एखाद्या अडलेल्या गाईची सुटका झाल्यावर हसत असेल तसा. "मग ठरलं?"

"ठरलं," मी म्हटलं. त्याने माझा हात दाबला. त्याच्या हातमोज्याला निळा रंग लागला, तो बघत बघत धुक्यात गेला. मी उरलेली दारं कशी रंगवली मला माहीत नाही. दोन दारं मी दोनदा रंगवली, असं बाब्बो म्हणाले. बाब्बो म्हणजे माझे वडील.

मग वसंत आला. रुज्जेरोचे अधूनमधून फोन यायचे. छत्रीचं तसंच आहे ना, विचारायचा. मी म्हणायचे, तसंच आहे. मग दोघंही गप्प. मागे कुठेतरी गाय हंबरायची. ईस्टरला त्याने जुन्या चीजचा भला मोठा तुकडा पाठवला. बाब्बो खूश, मी मात्र तोंडाला लावला नाही. मला वाटलं, चांगली जागा दिली म्हणून गिऱ्हाइकाने दिलेली भेट. आणि जागा तरी कसली चांगली? मेमध्ये तर त्याने कहर केला. टॉवेल कुठल्या रंगाचे घेऊ, म्हणून मला विचारायला लागला. मी म्हटलं, जिला वापरायचे तिला विचार. तो म्हणाला, म्हणून तर फोन केलाय. लग्नाच्या गडबडीत पुरुषांची बुद्धी ठिकाणावर नसते, म्हणून मी पिवळा सांगून मोकळी झाले.

ही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. फक्त लोरिसला. लोरिस आमचा जीवरक्षक, उंच खुर्चीवर बसून माणसांवर नजर ठेवणं हेच त्याचं काम, आणि माणसं पाण्यात असोत की नसोत, तो ते मनापासून करतो. त्यामुळे जुलैपर्यंत सगळ्या नऊ ओळींना कळलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या सकाळी रुज्जेरो आला. दाढी गेलेली, चष्मा गेलेला, खांदे जागच्या जागी. मी लांबूनच ओळखला. शेवटच्या ओळीतल्या छत्रीखाली त्याने एका खाटेवर पिवळा टॉवेल पसरला, दुसऱ्या खाटेवर दुसरा पसरला, आणि माझ्याकडे बघून हसला. मी कॉफीच्या यंत्राकडे वळले.

त्याची आई, सिन्योरा इओले, पहिल्या ओळीत होती. तिने आपली खुर्ची उचलली आणि समुद्राकडे पाठ करून ठेवली. तिचं बघून शेजारच्या मालागोलीबाईंनी फिरवली. दुपारपर्यंत सगळी पहिली ओळ उलटी झाली. जी माणसं जन्मभर त्या समुद्रासाठी एकमेकांशी भांडली, ती आता आमच्या शॉवरकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांना ती मुलगी बघायची होती.

ती आली नाही.

पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, रविवारी तर नाहीच नाही. पिवळा टॉवेल रोज सकाळी पसरला जायचा आणि संध्याकाळी घडी होऊन जायचा. बेर्तोलानींच्या माघारी किनाऱ्यावर तर्कांना ऊत आला. लोरिस म्हणाला, मुलगी मिलानची आहे, तिला रजा उशिरा मिळते. मालागोलीबाई म्हणाल्या, घटस्फोट झालेली आहे, कागदपत्रं अडकलीत. आठवडा उलटल्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की तिने त्याला फसवलं. मग लोकांना दया यायला लागली. कुणी कलिंगडाच्या फोडी आणून दिल्या. कुणी घरची गरम पिआदिना, म्हणजे आमच्याकडची पोळी, आत चीज घालून. एक आजोबा नुसतेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

रुज्जेरो सगळं खायचा आणि गोंधळून जायचा.

"लुचिल्ला," एकदा मी कॉफी घेऊन गेले तेव्हा त्याने विचारलं, "सगळे माझ्याशी एवढे चांगले का वागतायत?"

"लोकांना वाईट वाटतं."

"कशाचं?"

"जाऊ दे ना. कॉफी गार होईल."

तो खाटेवरची वाळू हाताने झटकत म्हणाला, "थोडा वेळ बसतेस?"

"ऑगस्टमध्ये? वेड लागलंय का?"

खरंच, आमच्या घरात ऑगस्टमध्ये कुणी बसत नाही. आईही कधी बसल्याचं मला आठवत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. मला वाटलं, त्याला मन मोकळं करायचंय. त्या मुलीबद्दल बोलायचंय. आणि तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नव्हती. मी आतापर्यंत तिचं नाक, केस, आवाज, सगळं मनात तयार केलं होतं आणि सगळ्याला नावं ठेवून झाली होती. पण नाव कळलं की ती खरी झाली असती.

तो रोज विचारायचा. बसतेस? मी रोज म्हणायचे, बघू. तो मान हलवायचा आणि त्या रिकाम्या खाटेकडे बघायचा, आणि मला वाटायचं, किती वाट बघतोय बिचारा. माझंच मन मला कळेना. ती येऊ नये असंही वाटायचं, आणि ती येत नाही म्हणून तिचा रागही यायचा. अशा माणसाला कुणी असं ताटकळत ठेवतं का?

शेवटी मला राहवेना. ऑगस्टच्या मधल्या सणाला एकच दिवस राहिला होता, किनारा गच्च भरला होता, आणि सणाच्या दिवशी जोडीजोडीने बसलेल्या त्या सगळ्या गर्दीत तो रिकामा पिवळा टॉवेल मला बघवला नसता. सकाळी तो यायच्या आधी मी दुसरी खाट उचलली आणि मागे नेऊन ठेवली. वाळूवर तिच्या पायांच्या खुणा राहिल्या होत्या, त्यासुद्धा खराट्याने सारख्या केल्या.

तो आला. उभा राहिला. छत्रीखाली बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तू केलंस?"

"हो." मला वाटलं, तो आभार मानेल. "म्हटलं, असंच बरं. उगाच रोज डोळ्यांसमोर नको."

"बरं," तो म्हणाला. मग टॉवेल पुन्हा पिशवीत घालत, "समजलं."

जेवणाच्या वेळेला मी काउंटरवरून बघितलं तर त्याची छत्री मिटलेली होती. ऐन ऑगस्टमध्ये, डोक्यावर ऊन असताना. आणि वाळूतल्या लाकडी वाटेवरून सिन्योरा इओले वर येत होती. ही बाई हवं ते खाली मागवून घेते, काउंटरवर स्वतः कधी येत नाही. तिने केबिनची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"रुज्जेरो पार्माला परत चाललाय. गाडीत सामान भरतोय."

मी विचारलं, "सिन्योरा... ती मुलगी आता येणारच नाही का?"

"कोण मुलगी?"

"जिच्यासाठी त्याने दुसरी खाट..."

सिन्योराने काळा चष्मा काढला. तिचे डोळे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितले. अगदी त्याच्यासारखे होते.

"हे बघा लुचिल्ला," ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून समुद्राकडे पाठ करून बसलेय. मान आखडली माझी. त्या छत्रीपाशी दिवसातून दहा वेळा एकच मुलगी जात होती, हातात ट्रे घेऊन. ती एकदाही बसली नाही. आणि आज सकाळी तिनेच ती खाट उचलून नेली. आवडत नसेल माझा मुलगा, हरकत नाही. पण जानेवारीतच सांगायचं होतं."

ती वळून गेली. समोर कॉफीसाठी पाच माणसं उभी होती. एकजण मला काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. माझ्या कानांत मात्र जानेवारीपासूनचा एकेक शब्द नव्याने वाजत होता. तुझी हरकत नसेल तर. मग ठरलं? म्हणून तर फोन केलाय. पिवळा. देवा रे, पिवळा.

मी एप्रन काढून बाब्बोंच्या हातात दिला आणि पळाले. ऑगस्टमध्ये, जेवणाच्या वेळेला, भरलं काउंटर सोडून.  

गाड्या पाइनच्या झाडांखाली उभ्या असतात. रुज्जेरो मागचं दार उघडून पिशवी आत ढकलत होता. मला बघून थांबला. झाडांवरचे किडे नुसते कर्कश ओरडत होते, आणि धावून धावून मला बोलता येत नव्हतं.

"काही राहिलं का माझं?" त्याने विचारलं. इतक्या सभ्यपणे विचारलं की मला रडूच आलं.

"मी ती खाट नेली," मी म्हटलं, "कारण मला वाटत होतं की ती दुसऱ्या कुणासाठी आहे. आणि मला ते रोज बघवत नव्हतं. झालं. आता जायचं तर जा."

"दुसरी कोण?"

"मला काय माहीत कोण. लोरिस म्हणाला मिलानची आहे."

"मिलानची?" तो गाडीला टेकला. "मिलानमध्ये मी कुणालाच ओळखत नाही. लुचिल्ला... जानेवारीत तू ठरलं म्हणालीस."

"छत्रीचं ठरलं म्हणाले मी."

"पण वेगळी छत्री म्हणजे काय, हे या किनाऱ्यावर तुझ्याइतकं कुणाला कळतं? मी वेगळी छत्री मागितली. तुझ्यासमोरची मागितली. दोन खाटा मागितल्या. आणि हरकत नाही ना, म्हणून तुलाच विचारलं. याहून स्पष्ट माणूस आणखी काय बोलणार?"

"तोंडाने," मी म्हटलं. "तोंडाने बोलणार. मी छत्र्या देते रे सगळ्यांना. माझ्यासाठी कुणी छत्री घेईल, हे माझ्या डोक्यात येईलच कसं?"

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"मला तोंडाने जमत नाही," तो शेवटी म्हणाला. "दिवसभर गाईंशी बोलतो ना मी. त्यांना काही सांगावं लागत नाही."

"मी गाय नाही."

"नाहीस," त्याने कबूल केलं. मग माझ्याकडे बघितलं. "मला तू आवडतेस. गेल्या ऑगस्टपासून... म्हणजे बहुतेक त्याच्याही आधीपासून, पण तेव्हा मला वाटायचं की उन्हामुळे होतंय."

मी हसले की रडले, मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही झालं असावं. मला तो आवडतो, वादळातल्या त्या दुपारपासून आवडतो, तो फोनवर गप्प बसायचा तेव्हाही मी फोन ठेवत नव्हते, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. आतापर्यंत जे जे मनात दाबलं होतं ते सगळं बाहेर आलं, न खाल्लेल्या चीजच्या तुकड्यासकट.

"मग... ठरलं?" त्याने भीत भीत विचारलं.

"काय ठरलं, ते आधी पूर्ण सांग. या वेळी मी अर्धवट काही मान्य करणार नाही."

"तू आणि मी."

"ठरलं."

त्याने माझा हात धरला आणि आम्ही परत किनाऱ्यावर आलो. त्याला हात सोडायचा नव्हता आणि मलाही. लाकडी वाट शेवटच्या ओळीपासून सुरू होते आणि पहिल्या ओळीपाशी पाण्यात संपते, आणि तिच्यावरून हात धरून शेवटपर्यंत चालत जाणं म्हणजे आमच्याकडे चर्चमध्ये लग्नाआधी दोघांची नावं वाचून दाखवण्यासारखंच. लोक चमचे हातात धरून थांबले. कुणालाच काही कळेना. लोरिस खुर्चीवरून वाकून म्हणाला, "लुची, पण मग ती मिलानची?" मालागोलीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू दुसरीने टाकलेलं मी पदरात घेतलंय आणि ते मला कुणीतरी हळूच सांगायला हवं. ते आजोबा मात्र पुन्हा उठले, आणि या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पहिल्या ओळीत सिन्योरा इओलेने खुर्ची पुन्हा समुद्राकडे फिरवली होती. ती शब्दकोडं सोडवत होती. आम्ही तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. काय बोलायचं असतं अशा वेळी? आयुष्यभर मी या माणसांना कुठे बसायचं ते सांगत आले, आणि स्वतः कुठे उभं राहायचं ते मला कळत नव्हतं.

तिने आमच्या हातांकडे बघितलं. एक चौकोन भरला. मग पेन्सिल कानामागे अडकवून म्हणाली,

"जेवण झालंय आत्ताच. आता चार वाजेपर्यंत कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. दोघांनीही."

मी सकाळपासून उपाशी होते. तरी मुकाट्याने हो म्हटलं.